म्युनिकचे पत्र : दोन ठिपक्यांचा भागाकार

साताऱ्याहून गेल्या वर्षी आमच्या इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबातली मुलगी तिसरीत आहे. इथे वसंतात तिसरीच्या वर्गांची ‘व्हेरा’ चाचणी असते. प्रगतिपुस्तकात तिचे गुण धरत नाहीत, तरी सरावाचा कागद घेऊन मायलेकी माझ्याकडे आल्या. कागदावर होते २४ : ६. सांगलीत इंजिनीअरिंग शिकलेली आई म्हणाली, “दादा, हे गुणोत्तर ना? तिसरीतच?” पुढचे ६ · ४ तिने सहा पूर्णांक चार दशांश असे वाचले. लेक गप्पच. तिच्या ओळखीचे × आणि ÷ कागदावर कुठे नव्हतेच.

जर्मनीत गुणाकाराला एक ठिपका, भागाकाराला दोन आणि दशांशाला स्वल्पविराम. दुकानात दह्याच्या डब्यावर १,४९ युरो दिसतात ते त्यामुळेच. ठिपक्यांची ही रीत लाइब्नित्सची. × हे चिन्ह आणि एक्स हे अक्षर यांची गल्लत होते, असे त्याने १६९८ साली एका पत्रात लिहिले होते. आपले ÷ भागाकारासाठी छापले गेले तेही जर्मन भाषेतल्याच पुस्तकात, १६५९ साली झुरिकला, योहान रान याच्या बीजगणितात. जर्मन शाळांत ते रुजले नाही. पुस्तकाच्या भाषांतरातून ते इंग्लंडला गेले आणि इंग्रजी अमलात आपल्या पाटीवर आले.

“म्हणजे स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीतली चिन्हांची अदलाबदलच की!” आई म्हणाली. मुलीने पाच मिनिटांत अख्खा कागद सोडवला. गणित तिला येतच होते.

एका बाबतीत तर ती वर्गाच्या पुढे आहे. जर्मनमध्ये ३७ ला ‘सात आणि तीस’ म्हणतात. ऐकता ऐकता लिहिताना इथली लहान मुले ७३ लिहून बसतात. आपल्या ‘सदतीस’मध्येही आधी सात, मग तीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तीस सात’ आले तेव्हा केवढा वाद झाला! इथेही ‘त्स्वान्त्सिगआइन्स’, म्हणजे शब्दशः ‘वीस एक’, नावाची संस्था त्याच बदलासाठी झटते. मला विचाराल तर सदतीस राहू द्यावे. याच सवयीवर या मुलीने जर्मन अंक आठवड्याभरात उचलले.

आता त्यांच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. वर आईच्या अक्षरात चिन्हांच्या जोड्या, आणि खाली लेकीने एकतीसपासून एकोणचाळीसपर्यंतचे आकडे दोन्ही भाषांत लिहिले आहेत. एकोणचाळीसपाशी तिने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे, कारण तिथे मराठी चाळिसातून एक उणा करते आणि जर्मन मात्र ‘नऊ आणि तीस’च म्हणते.