वादळ सरते, खार उरतो

नोव्हेंबर १९७०च्या भोला चक्रीवादळाने आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख बळी घेतले. २००७च्या 'सिद्र' वादळात हा अधिकृत आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. धोक्याची वेळेवर सूचना, पक्के निवारे आणि गावोगावचे स्वयंसेवक यांची ही कमाई. वादळातून जीव वाचवायला हा देश शिकला. पण मिठापासून रोजीरोटी वाचवणे त्याला अजून साधलेले नाही.

मे २००९मध्ये 'आयला' वादळाने सातखीरा आणि खुलना जिल्ह्यांतले मातीचे बांध फोडले. काही गावांत भरतीचे पाणी पुढची दोन वर्षे शेतांत येत-जात राहिले. ते हटले, पण मीठ मातीत मुरले. पावसाळ्यात ते धुऊन खाली जाते. फाल्गुन-चैत्रात जमीन तापली की खालची ओल वर चढते, पाण्याची वाफ होते आणि ढेकळांवर पांढरी साय धरते. मातीत मीठ वाढले, की मुळांना ओलावा ओढता येत नाही. रोप ओल्या जमिनीत उभे राहून तहानेने करपते.

किनारपट्टीवर १९७३मध्ये सुमारे ८.३ लाख हेक्टर जमीन खारावलेली होती. २००९पर्यंत ती साडेदहा लाखांवर गेली. दोष एकट्या समुद्राचा नाही. उन्हाळ्यात नद्यांचे गोडे पाणी घटले आणि कोळंबीच्या तळ्यांसाठी, म्हणजे 'घेरां'साठी, खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले. कोळंबीने परकीय चलन आणले. मात्र भाताच्या लावणी-कापणीला जितके मजूर लागतात, त्याच्या काही अंशातच घेर चालतो. मालकाची कमाई वाढली, भूमिहीनाचे काम गेले. चारा संपला, गुरे विकली गेली. पुरुष ढाक्याला रिक्षा ओढायला किंवा वीटभट्टीवर जातात. मागे राहिलेल्या बायका पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करतात. खुलन्यातल्या दाकोप भागात खारट पाणी पिणाऱ्या गर्भवतींमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण अधिक आढळले आहे.

'ब्री धान ६७'सारखी खार सोसणारी वाणे आणि पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्या यांचा आधार आहे, पण तो पुरेसा नाही. २०५०पर्यंत हवामान बदलामुळे देशांतर्गत विस्थापितांची संख्या दोन कोटींच्या घरात जाऊ शकते, असा जागतिक बँकेचा इशारा आहे.

वादळात पडलेल्या घराचा पंचनामा होतो, मिठाने गिळलेल्या मजुरीचा होत नाही. हवामान बदलाच्या भरपाईचा हिशेब मांडताना ही मजुरीही मोजलीच पाहिजे.