दहा पुस्तके, साक्षीदार एकच

लेखमाला : संदर्भांच्या मागावर (भाग ५)

ग्रंथालयाची सूची कशी चाळायची ते मागच्या आठवड्यात पाहिले. सूचीतून हाती आलेल्या मजकुरावर विश्वास कितपत ठेवायचा, हा त्यापुढचा प्रश्न. नुसते नियम सांगून तो समजत नाही. नियम सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतात आणि परीक्षा झाली की विसरले जातात. म्हणून आज एकच पक्षी घेऊ आणि त्याच्या कागदपत्रांत शिरू. पक्षी आपल्या सातपुड्यातला आहे, वनपिंगळा.

इंटरनेटवर त्याची गोष्ट दोन ओळींत मिळते. १८८४ नंतर तो कोणाला सापडला नाही, नामशेष झाला असावा असे वाटू लागले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. पण समजा, एखादा विद्यार्थी १९९० साली ग्रंथालयात बसून हाच पक्षी शोधत असता, तर शेवटची नोंद म्हणून त्याला १८८४ नव्हे, १९१४ हे साल मिळाले असते. ठिकाण गुजरातेतले, तापीकाठचे मांडवी. पुरावाही भक्कम. ब्रिटिश संग्रहालयात पेंढा भरलेला नमुना, त्याला बांधलेले लेबल, लेबलवर जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. नाव होते कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन. ब्रिटिश फौजेतला अधिकारी, पक्ष्यांवर ग्रंथ लिहिलेला, हजारो नमुन्यांचा आपला संग्रह संग्रहालयाला देऊन टाकलेला माणूस.

आता स्रोत तपासण्याची नेहमीची प्रश्नावली या नोंदीला लावून पाहा. माणूस जाणकार आहे का? आहे. संस्था नावाजलेली आहे का? जगात तिच्या तोडीच्या संस्था मोजक्याच. तारीख आणि जागा नेमकी दिली आहे का? दिली आहे. इतर लेखकांनी ती मान्य केली आहे का? केली आहे, पुस्तकांमागून पुस्तकांत ती उतरली आहे. सगळे गुण मिळाले, पहिला वर्ग आला. आणि नोंद खोटी होती.

मायनर्ट्झहागेनच्या काही नमुन्यांबद्दल पक्षितज्ज्ञांत कुजबुज जुनी होती. ॲलन नॉक्स यांनी १९९३ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात ती उघड मांडली. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी वनपिंगळ्याचे जगभरातले सगळे नमुने तपासायला घेतले. ते होते फक्त सात. जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी १८८०च्या सुमारास खानदेशात होता, सातांपैकी बरेचसे नमुने त्याचे. पक्ष्याचे कातडे भरण्याची त्याची एक खास ढब होती. मांडवीच्या म्हणवल्या जाणाऱ्या नमुन्यात आतली भरणी काढून पुन्हा भरल्याच्या खुणा होत्या आणि त्या खुणांखाली डेव्हिडसनचा हात ओळखू येत होता. नमुना संग्रहालयातूनच चोरलेला, नव्याने भरलेला आणि त्यावर नवे लेबल अडकवलेले. हा शोधनिबंध ‘आयबिस’च्या १४१व्या खंडात १९९९ साली आला.

मला या निबंधातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की त्यांनी मायनर्ट्झहागेनच्या चारित्र्यावर निकाल दिला नाही, वस्तूवर दिला. लबाड माणसाची एखादी नोंद खरी असू शकते आणि सज्जनाची चुकीची. आपल्याकडे अमुक सरांनी लिहिले म्हणजे खरेच असणार, हा मुद्दा अजूनही व्हायव्हामध्ये चालतो. तो कोणत्याच बाजूने चालू नये.

खोट्या लेबलाची किंमतही मोजावी लागली होती. मांडवीच्या परिसरात पक्षी शोधला गेला आणि मिळाला नाही. तिथे नाही म्हणजे कुठेच नसावा, असा निष्कर्ष त्यातून सहज निघे. १९१४ची नोंद बाजूला ठेवल्यावर नकाशाच बदलला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी छत्तीसगड-ओडिशाकडच्या जुन्या जागांवर गेले, तिथे काही मिळाले नाही. मग खानदेशात आले. डेव्हिडसनने जिथून नमुने नेले होते, त्याच पट्ट्यात पिंगळा झाडावर बसलेला होता, आणि तोही दिवसाउजेडी, कारण हा पक्षी दिवसा वावरतो.

प्रकाशनाचा क्रमही लक्षात घ्या. पक्षी सापडल्याचा वृत्तान्त ‘फोर्कटेल’ या नियतकालिकात १९९८ साली छापला गेला आणि तो शोध ज्या तपासावर उभा होता त्याचा निबंध नंतर, १९९९ साली. नुसती सालं बघून कार्यकारण जुळवू पाहणारा इथे फसतो.

आता मुद्द्यावर येऊ. मांडवीचा उल्लेख दहा पुस्तकांत असला तर ते दहा पुरावे होत नाहीत. दहाही लेखकांनी तेच एक लेबल वाचलेले असते. कित्येकदा लेबलही नाही, आधीचे पुस्तक वाचलेले असते. वेबसाइटच्या जमान्यात दहाचे दहा हजार होतात, एवढाच फरक. म्हणून माहिती किती ठिकाणी सापडते हे मोजण्यात वेळ घालवू नका. तिच्यामागे मूळ निरीक्षणे किती आहेत ते मोजा. त्यासाठी एकच काम करायचे असते आणि ते कंटाळवाणे आहे. वाक्याशेजारचा संदर्भ उघडायचा, त्यात दिलेला संदर्भ उघडायचा, आणि कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिल्याचे लिहिलेले सापडेपर्यंत मागे जात राहायचे.

वनपिंगळ्याच्या बाबतीत ही मागे जाण्याची वाट आज घरबसल्या चालता येते. ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ हे संकेतस्थळ मोफत आहे. जगातल्या मोठ्या निसर्ग-ग्रंथालयांनी आपली जुनी पुस्तके आणि नियतकालिके स्कॅन करून तिथे ठेवली आहेत. ॲलन ह्यूमचे ‘स्ट्रे फेदर्स’ तिथे वाचता येते. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत असलेला हाच तो ह्यूम. त्याने १८७३ मध्ये या पक्ष्याचे पहिले वर्णन छापले ते स्वतःच्या याच नियतकालिकात. डेव्हिडसनची पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादीही १८८२ साली त्यातच आली. ह्यूमची पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी लिहिलेली हस्तलिखिते मात्र त्याच्या गैरहजेरीत नोकराने सिमल्याच्या बाजारात रद्दीत विकली. छापलेले तेवढे उरले. जुन्या साहित्यात एखादी नोंद नाही म्हणजे तिथे तो पक्षी नव्हता, असे म्हणण्याआधी ही रद्दी आठवावी.

शोधताना तीन अडचणी हमखास येतात. पहिली नावाची. ह्यूमने पक्ष्याला ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’ म्हटले. पुढे तो ‘अथीनी’ या प्रजातीत गेला. या दोन नावांचा वाद शतकभर चालला. २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासाने तो अथीनींच्याच शाखेत बसतो असे दाखवले, तरी शीर्षकात नाव हेटेरोग्लॉक्सच आहे. म्हणजे एकाच नावाने शोध घेणाऱ्याच्या हातून अर्धे साहित्य निसटते. दोन्ही नावे रोमन लिपीत टाका, शिवाय नुसते ‘ब्लेविटी’ टाकून पाहा.

दुसरी अडचण गावांची. डेव्हिडसनच्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. शहाद्याला पक्षी सापडला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता, आज नंदुरबारमध्ये आहे. एका लेखात धुळे आणि दुसऱ्यात नंदुरबार दिसले तर त्या दोन वेगळ्या नोंदी समजू नका. ह्यूमच्या मूळ नमुन्याची जागाही अशीच मध्य प्रांतातून मध्य प्रदेशात आणि २००० नंतर छत्तीसगडात गेली.

तिसरी अडचण यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईची. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे ओळखताना संगणक चुकतो आणि इंग्रज अधिकारी गावांची नावे मन मानेल तशी लिहीत. शोधून काही मिळाले नाही तर अनुक्रमणिका उघडून पान स्वतः वाचा.

मागे गेलात तसे पुढेही या. गूगल स्कॉलरवर प्रत्येक निबंधाखाली तो नंतर कोणी कोणी उद्धृत केला याची यादी मिळते. १९९९चा निबंध उघडून ती यादी पाहिली की पुढच्या काळात मायनर्ट्झहागेनच्या इतर नोंदींचे काय झाले तेही कळते. जुने हँडबुक हातात असलेल्याने हे पाऊल टाकायलाच हवे, कारण छापलेले पुस्तक स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही. पबमेड इथे फारसे कामाचे नाही. ते मुख्यतः वैद्यकाचे आहे, आणि जीवशास्त्र म्हटले की पबमेड, ही सवय वर्गीकरण किंवा परिस्थितिकीच्या विद्यार्थ्यांनी सोडावी.

‘आयबिस’सारखी नियतकालिके वर्गणीची असतात. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी विद्यापीठे, महाविद्यालये आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. तुमच्या संस्थेचे नाव त्यात आहे का ते ग्रंथपालांना विचारा. नसेल तर लेखकाला दोन ओळींची सभ्य ईमेल पाठवा. बहुतेक संशोधक आपला निबंध आनंदाने पाठवतात, कारण तो मागणारे फार नसतात. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत आहेत. त्यांचा दर्जा एकसारखा नाही, पण निबंधात दोन ओळींत उरकलेली पाहणीची पद्धत तिथे वीस पानांत मिळते आणि कुठे शोधूनही पक्षी मिळाला नाही, हेही.

‘जीबीआयएफ’ या जागतिक नोंदसंग्रहात नकाशावर ठिपके दिसतात आणि ते पाहून मन लगेच निष्कर्षाकडे धावते. ठिपक्यावर क्लिक करा. त्यामागे संग्रहालयातला नमुना आहे की कोणी पाहिल्याची नोंद, हे तिथे लिहिलेले असते. आयनॅचुरलिस्ट या हौशी निरीक्षकांच्या संकेतस्थळावरून आलेल्या नोंदीवर ‘रिसर्च ग्रेड’ लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ एवढाच, की ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांचे एकमत झाले. वनपिंगळा आणि आपल्या गावातला साधा ठिपकेवाला पिंगळा यांत गल्लत सहज होते. फोटोत डोक्यावर ठसठशीत ठिपके आहेत का, ते आपणच पाहावे. आणि संग्राहक म्हणून मायनर्ट्झहागेनचे नाव दिसले तर पेन खाली ठेवा.

चॅटबॉटला संदर्भ विचारणाऱ्यांसाठी एक छोटी युक्ती. तो लेखकांची खरी नावे आणि पटण्याजोगे शीर्षक जोडून अस्तित्वातच नसलेला निबंध देऊ शकतो. ‘आयबिस’ १८५९ मध्ये सुरू झाले, वर्षाला एक खंड धरला तर १९९९चा खंड १४१वा यायला हवा. हा हिशेब जुळला नाही तर संदर्भ संशयास्पद. जुळला तरी निबंध उघडल्याशिवाय यादीत लिहू नका.

शेवटी एक विसंगती, जी तुम्हाला लगेच भेटेल. २०१८च्या त्या जनुकीय निबंधाच्या शीर्षकात वनपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीने त्याला एक पायरी खाली आणून ‘संकटग्रस्त’ ठरवले. १९९७ नंतरच्या काळात मेळघाट आणि इतर ठिकाणी तो आढळला होता. निबंध आधी छापला गेला, त्यामुळे त्यातले विधान त्या दिवशी बरोबर होते. तुमच्या प्रकल्पात पक्ष्याची स्थिती लिहाल तेव्हा यादीचे वर्ष त्याच वाक्यात लिहा, आणि सादर करण्याच्या आठवड्यात यादी पुन्हा उघडा.

पुढच्या भागात पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिके आणि मागे घेतलेले निबंध ओळखण्याची पद्धत पाहू.