परदेशात पार्सल ‘१० दिवसांत पोहोचेल’ असं ग्राहकाला सांगताय? मग हे दिवस नेमके जातात कुठं, ते आधी समजून घ्या

समजा, तुम्ही कोल्हापुरात राहता आणि इन्स्टाग्रामवर चपला विकता. एक दिवस लंडनहून ऑर्डर येते. पैसे जमा होतात, तुम्ही पोस्टात जाऊन पार्सल देता आणि ग्राहकाला कळवता, “दहा दिवसांत मिळेल.”

अकराव्या दिवशी मेसेज येतो, “पार्सल कुठंय?” तुम्ही ट्रॅकिंग उघडता. शेवटची नोंद सहा दिवसांपूर्वीची, मुंबईतून रवाना झाल्याची. पुढं काहीच नाही. तेराव्या दिवशी ग्राहक वैतागून पैसे परत मागतो आणि तुम्ही ते देता. पंधराव्या दिवशी पार्सल त्याच्या दारात पोहोचतं. म्हणजे चपलाही गेल्या आणि पैसेही.

यात पार्सल हरवलं नव्हतं. चुकला होता तो ‘दहा दिवस’ हा आकडा. मोठ्या कंपनीला असा एखादा परतावा सोसतो. महिन्याला पंधरा-वीस ऑर्डरी पाठवणाऱ्या घरगुती विक्रेत्याचा मात्र त्यात महिन्याचा नफा जाऊ शकतो. म्हणून हा आकडा ठरवायचा कसा, ते बघू.

विमानात १० तास, मग बाकीचे दिवस कुठं?

मुंबई ते लंडन विमान साधारण १० तासांत पोहोचतं. पार्सलचा बहुतेक वेळ प्रवासात नाही, तर थांबण्यात जातो. पोस्टानं जाणाऱ्या पार्सलचे पाच टप्पे असतात.

पहिला टप्पा तुमच्या घरातला. ऑर्डर आल्यापासून माल तयार करून, पॅक करून पोस्टात देईपर्यंतचा वेळ. ग्राहक दिवस मोजतो ते पैसे भरल्यापासून. तुम्ही मोजता पार्सल दिल्यापासून. निम्मी भांडणं इथंच सुरू होतात.

दुसरा टप्पा तुमच्या गावापासून परदेशी टपाल हाताळणाऱ्या केंद्रापर्यंतचा. मुंबईत हे काम बॅलार्ड इस्टेट भागातल्या विदेशी डाकघरातून वर्षानुवर्षं चालत आलंय. इथं भारतीय कस्टमची तपासणी होते, कारण निर्यात होणाऱ्या मालालाही मंजुरी लागते.

तिसरा टप्पा विमानाचा. टपाल बहुतेक वेळा प्रवासी विमानांच्या पोटात, उरलेल्या जागेत जातं. जागा नसेल तर पिशवी पुढच्या विमानाची वाट बघते. २०२० मध्ये कोरोनामुळं प्रवासी विमानं थांबली, तेव्हा अनेक देशांचं टपालही थांबलं ते याचमुळं.

चौथा टप्पा समोरच्या देशातलं कस्टम, आणि पाचवा तिथल्या स्थानिक टपाल खात्याची घरपोच सेवा.

या पाचांपैकी पहिला टप्पा पूर्णपणे तुमच्या हातात असतो. दुसरा आणि चौथा कागदपत्रांमुळं बराचसा तुमच्या हातात येतो. उरलेल्या दोनांवर तुमचं काहीच चालत नाही.

ट्रॅकिंग मधेच गप्प का होतं?

पार्सल एकेक करून विमानात चढत नाहीत. ती मोठ्या पिशव्यांमध्ये भरून सीलबंद केली जातात. त्यानंतर नोंद होते ती पिशवीची, तुमच्या पार्सलची नाही. समोरच्या देशात पिशवी उघडून प्रत्येक पार्सल स्कॅन होईपर्यंत तुमच्या स्क्रीनवर शांतता असते. ही शांतता म्हणजे पार्सल हरवलं असं नाही.

तुमचा ट्रॅकिंग क्रमांक नीट बघा. सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पुन्हा दोन अक्षरं. भारतातून गेलेल्या पार्सलवर शेवटची अक्षरं ‘आय’ आणि ‘एन’ असतात. पहिलं अक्षर ‘ई’ असेल तर ते ईएमएस, म्हणजे परदेशी स्पीड पोस्ट. हा साचा युनिव्हर्सल पोस्टल युनियननं ठरवलाय. जगभरची टपाल खाती एकमेकांशी जोडणारी ही संस्था १८७४ पासून काम करतेय. साचा सगळीकडं एकच असल्यानं ट्रॅक होणाऱ्या सेवेचा हाच क्रमांक समोरच्या देशाच्या टपाल खात्याच्या वेबसाइटवरही चालतो. पार्सल तिथं पोहोचल्यावर ताजी माहिती अनेकदा आधी तिथंच दिसते. ग्राहकाला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, तर अर्धे मेसेज कमी होतात.

कस्टममध्ये पार्सल अडकतं ते कशामुळं?

माल असलेल्या टपालाची माहिती आधीच संगणकावरून समोरच्या देशाला पाठवायची, हा नियम १ जानेवारी २०२१ पासून जगभर लागू आहे. म्हणजे तुम्ही फॉर्मवर काय लिहिता, ते पार्सलच्या आधी तिथं पोहोचतं.

तिथं नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘कपडे’ लिहिलं की अधिकाऱ्याला प्रश्न पडतो. ‘सुती हातमागाची साडी, १ नग’ असं लिहिलं, सोबत मालाचा एचएस कोड आणि खरी किंमत दिली, तर प्रश्न कमी होतात. विकलेल्या मालाला ‘गिफ्ट’ म्हणणं किंवा किंमत कमी दाखवणं ही फसवणूक ठरते. शिवाय पार्सल हरवलंच, तर भरपाई मागताना तीच कमी किंमत तुमच्यासमोर ठेवली जाते.

दुसरं कारण कर. ब्रिटननं १ जानेवारी २०२१ पासून आणि युरोपीय संघानं १ जुलै २०२१ पासून कमी किमतीच्या मालाला असलेली व्हॅटची सूट काढून टाकली. कर आधी भरलेला नसेल, तर पार्सल तिथं थांबतं, ग्राहकाला कर आणि वर हाताळणी शुल्क भरायला सांगितलं जातं. तो वैतागून नको म्हणाला, की पार्सल परत फिरतं.

एट्सीसारख्या मोठ्या मार्केटप्लेसवर विकत असाल, तर युरोपात जाणाऱ्या १५० युरोपर्यंतच्या ऑर्डरीवरचा व्हॅट तिथंच कापला जातो. त्याचा आयओएसएस क्रमांक पार्सलच्या माहितीत भरायला विसरू नका. तो राहिला, तर ग्राहकाकडून दुसऱ्यांदा कर मागितला जाऊ शकतो.

तिसरं कारण वस्तूच चालत नसणं. युरोपीय संघात भारतातून टपालानं दूध आणि मांसाचे पदार्थ पाठवायला बंदी आहे. त्यामुळं दिवाळीच्या डब्यात चकली-शेवेसोबत खव्याची मिठाई घातली, तर अख्खा डबा अडकू शकतो.

नियम रातोरात बदलले तर?

२०२५ ची दिवाळी आठवा. त्याआधी अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल आयात शुल्काशिवाय जात होता. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं याची यंत्रणा तयार नव्हती, त्यामुळं विमान कंपन्या टपाल न्यायला तयार होईनात. भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक बुकिंग थांबवलं आणि महिनाअखेरीस पत्रांसकट सगळंच बंद केलं.

सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. म्हणजे फराळ, कंदील, उटणं पाठवण्याचा अख्खा हंगाम पोस्टापुरता हातचा गेला. सेवा सुरू झाली तीही नव्या पद्धतीनं. आता शुल्क भारतातच, बुकिंग करताना भरायचं. दर वरखाली होत राहतात, त्यामुळं प्रत्येक वेळी बुकिंगआधी ताजा दर विचारा आणि किंमत ठरवताना तो धरा.

मग पोस्ट की कुरिअर?

डीएचएल, फेडएक्स यांसारख्या कंपन्यांकडं स्वतःची विमानं आणि कस्टमचं काम बघणारी स्वतःची माणसं असतात. पार्सल शेवटपर्यंत एकाच कंपनीच्या हातात राहतं, म्हणून वेळ कमी लागतो. पण पैसे जास्त. शिवाय वजनासोबत आकारही मोजला जातो. लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार करून त्याला ५००० नं भागायचं. येणारं उत्तर किलोमध्ये असतं आणि ते खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल, तर पैसे त्याचे लागतात. हलका पण मोठा आकाशकंदील इथं महाग पडतो, चांदीचे छोटे दागिने परवडतात.

पोस्टानं व्यावसायिक निर्यात करायची, तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. २०२२ पासून टपाल खात्यानं ‘डाकघर निर्यात केंद्रं’ सुरू केलीत. देशभरात ती एक हजारापेक्षा जास्त आहेत. निर्यातीचे कागद तिथं ऑनलाइन भरता येतात, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

ग्राहकाला आकडा सांगायचा कोणता?

एक वही करा. प्रत्येक पार्सलचा देश, पाठवल्याची तारीख आणि मिळाल्याची तारीख लिहा. समजा, ब्रिटनला गेलेल्या दहा पार्सलना असे दिवस लागले : ८, ९, ९, १०, १०, ११, ११, १२, १६, २१.

सरासरी येते साधारण १२. पण १२ दिवस सांगितले, तर दहापैकी दोन ग्राहकांना माल उशिरा मिळणार. ‘१०’ सांगितले तर पाच जणांना. ‘१६ दिवसांपर्यंत’ सांगितलं तर फक्त एकाला. ग्राहक तुमची सरासरी बघत नाही, स्वतःचं पार्सल बघतो. म्हणून आकडा लवकर पोहोचलेल्या पार्सलवरून नाही, उशिरा पोहोचलेल्यांवरून ठरवा.

त्यात तयारीचे दिवस वेगळे दाखवा आणि साधं लिहा : “माल तयार करायला ३ दिवस. त्यानंतर ब्रिटनला पोहोचायला साधारण ८ ते १६ दिवस. कस्टमच्या तपासणीत याहून जास्त वेळ लागू शकतो.” दिवाळी आणि नाताळच्या आधी त्यात आणखी आठवडा धरा.

१६ दिवस वाचून एखादं गिऱ्हाईक जाईलही. पण जे थांबेल, त्याच्या दारात पार्सल बाराव्या दिवशी पोहोचलं, तर ते लवकर आलं असंच त्याला वाटेल. तेच पार्सल, तेच बारा दिवस, पण तुम्ही ‘दहा’ म्हणाला असतात, तर त्याच्या लेखी उशीर झाला असता.