नर्सबाईंनी काय सांगावे?

नर्सबाई किंवा सुईण बाळंतपण करते. तिच्यावर कायद्याचीही जबाबदारी असते. ती आपण समजून घेऊ.

काही गोष्टी तिने सांगायलाच हव्यात. घरी बाळ जन्मले, तर तिने ग्रामपंचायतीत खबर द्यावी. १९६९ चा तसा कायदा आहे. घरच्यांनीही २१ दिवसांत नोंद करावी. मग जन्माचा दाखला मिळतो. पुढे शाळेत तो लागतो.

काही गोष्टी तिने सांगायच्याच नाहीत. एकीचे दुखणे दुसरीच्या कानी घालायचे नाही. पोटात मुलगा की मुलगी, हे सांगणे तर १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे. त्यासाठी तपासणी करवून घेणाराही गुन्हेगार ठरतो.

म्हणून नर्सबाईंना आपण भलते विचारू नये. "बाई, बाळाची नोंद झाली का?" एवढे मात्र जरूर विचारावे.