उन्हाची वीज : आधी हिशोब, मग खरेदी

बाजारात दोन दुकानदार भेटले की पूर्वी कापसाच्या भावाची गोष्ट निघायची. आता तिच्या जोडीला विजेच्या बिलाची आणि छतावरच्या सोलरची निघते. कोणी म्हणतो बिल शून्यावर आले, कोणी म्हणतो पैसे अडकले. दोघेही आपापल्या जागी खरे असू शकतात. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हा विषय आम्ही वहीखात्यासारखा मांडतो आहोत.

पहिली गोष्ट अशी की, ऊन भरपूर आहे म्हणून सौर वीज आपोआप येत नाही. उत्तर आफ्रिकेतील अल्जेरिया देश पाहा. सहारा वाळवंट दाराशी, ढग क्वचित. पण जमिनीखाली गॅसही भरपूर, आणि देशाची जवळजवळ सगळी वीज त्या गॅसवरच तयार होते. २०११ मध्ये तेथील सरकारने २०३० पर्यंत २२,००० मेगावॅटचा कार्यक्रम जाहीर केला. २०२३ संपेपर्यंत सौर विजेचे हजार मेगावॅटही उभे राहिले नव्हते. कारण सरळ आहे. घरचा गॅस स्वस्त, विजेचे दर सरकारने खाली ठेवलेले, मग नव्या यंत्रात पैसा कोण घालणार? पण घरी जाळलेला गॅस बाहेर विकता येत नाही. इटली आणि स्पेनला नळाने जाणारा गॅस ही त्या देशाची मोठी कमाई, आणि घरचा खप वाढतो तसा विकायचा माल कमी पडतो. हा हिशोब ध्यानात आल्यावर २०२४ मध्ये सुमारे ३,००० मेगावॅटच्या प्रकल्पांचे काम तेथे सुरू झाले.

आमच्या जिल्ह्याची कहाणी फार निराळी नाही. तिकडे गॅस, इकडे कोळसा. वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत, शेजारी चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. तरी आमच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे रात्री उठून, साप-विंचवाची भीती बाळगून पाणी दिले, कारण शेतीला वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत मिळे.

यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिच्या पहिल्या दोन प्रायोगिक प्रकल्पांसाठी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे निवडली गेली. योजनेची रीत सोपी आहे. गावाजवळच्या उपकेंद्रापाशी सौर पट्ट्या उभारायच्या आणि त्यांची वीज शेतीच्या वाहिनीला दिवसा द्यायची. वीज दूरवरून आणावी लागत नाही, त्यामुळे वाटेतली गळती कमी होते. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले. ज्यांच्याकडे नापीक पडीक जमीन आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कापड विकणाऱ्यांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. आमच्याकडे लग्नसराईचा गल्ला कापसाच्या पैशावर भरतो. शेतकऱ्याला दिवसा पाणी देता आले, तर त्याचा फायदा आमच्या दुकानापर्यंत येतो.

आता आपल्या छताकडे येऊ. एक किलोवॅटच्या पट्ट्यांना सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आत वीज मिळते. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. पट्टी तापली की तिची वीज घटते, म्हणून मे महिन्याच्या भट्टीत अपेक्षेइतके मिळत नाही. पावसाळ्यात तर कमी मिळणारच. धूळ आणि शेजारच्या भिंतीची सावली हेही नुकसान करतात.

घरासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. पट्ट्या भारतीय बनावटीच्या आणि विक्रेता नोंदणीकृत हवा. अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात येते, त्यामुळे ‘अनुदान आम्ही काढून देऊ, आधी रोख द्या’ म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

दुकान आणि कारखान्याच्या व्यापारी जोडणीला हे अनुदान नाही. वर घर व खाली दुकान असेल, तर घराच्या मीटरची वीज दुकानाला जोडण्याचा मोह टाळावा. वीज कायदा २००३ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडात सगळी बचत जाते. मात्र दिवसा शिलाई यंत्रे, रंधा किंवा पिठाची गिरणी चालवणाऱ्यास अनुदानाशिवायही हिशोब जमू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरपत्रकावर सौदा करू नये.

एक फसगत आमचीही होणार होती. एका विक्रेत्याने आम्हाला सांगितले, सोलर लावा, लाईट गेली तरी पंखे चालतील. चौकशी केली तेव्हा कळले की महावितरणच्या तारेला जोडलेला साधा संच लाईट गेली की स्वतःही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव वाचावा म्हणून तशी रचना असते. लाईट गेल्यावरही काम चालू ठेवायचे तर बॅटरी लागते. तिची किंमत वेगळी, आणि काही वर्षांनी ती बदलण्याचा खर्चही वेगळा.

तेव्हा खरेदीपूर्वी गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत. दिवसा किती युनिट जळतात ते पाहून तेवढाच संच घ्यावा. संचाच्या किमतीला वर्षाच्या बचतीने भागावे, म्हणजे किती वर्षांत पैसे फिटतात ते कळेल. पट्ट्यांची हमी साधारण पंचवीस वर्षांची, इन्व्हर्टरची मात्र त्याहून बरीच कमी असते. दोन्ही लेखी घ्याव्यात. व्याजाचे कर्ज ज्यांना नको, त्यांनी बचतीतून लहान संच घ्यावा आणि इन्व्हर्टर थोडा मोठा ठेवावा, म्हणजे पुढे महावितरणकडे अर्ज करून पट्ट्या वाढवता येतील.

ऊन फुकट आहे, पण त्याची वीज म्हणजे पंचवीस वर्षांचे बिल आगाऊ भरणे आहे. आगाऊ रक्कम देताना आपण कापडाचा तागा उलटून पाहतो, गज लावून मोजतो. येथेही तेच करावे.