कुंभकोणमची बालामणी

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून थोड्याच अंतरावर तिरुभुवनम् हे गाव लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले कंपहरेश्वराचे मंदिर आणि हातमागावरची रेशमी लुगडी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रीयांना हा मुलूख परका नव्हे. येथून जवळच असलेल्या तंजावरास शहाजीराजांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केले, आणि त्यांची मराठी नाटके तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहेत.

याच कावेरीकाठी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बालामणी अम्माळ या नटीने मोठे नाव मिळविले. कुंभकोणमच्या देवदासी कुळात तिचा जन्म झाला. नृत्य आणि गायन हा तिच्या कुळाचा वारसा. परंतु तेवढ्यावर संतुष्ट न राहता तिने स्वतःची नाटक मंडळी काढली. या मंडळीत पात्रे सर्व स्त्रियाच असत. राजा असो, ऋषी असो की खलपुरुष असो, त्याचे सोंग स्त्रीच घेई.

त्या काळच्या मराठी रंगभूमीशी ताडून पाहिले म्हणजे यातील नवल ध्यानात येते. महाराष्ट्रातही काही स्त्री-नाटकमंडळ्या निघाल्या, पण मानाचे स्थान पुरुषांच्या मंडळ्यांचे. तेथे शकुंतला आणि रुक्मिणी बालगंधर्वांच्या रूपाने अवतरत. मद्रासेत १८९१ साली पम्मल संबंध मुदलियारांनी स्थापिलेल्या सुगुणविलास सभेतही स्त्रीभूमिका पुरुषच करीत. कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल टाकणे हे तेव्हा कलंकाचे मानले जाई. ज्यांना समाजाने आधीच वेगळे काढले होते, त्या स्त्रियांनाच ही वाट मोकळी होती. बालामणीने तिचा उपयोग असा केला, की निराधार झालेल्या अनेक देवदासींना तिच्या मंडळीत अन्न, आसरा आणि विद्या मिळाली.

‘ताराशशांकम्’सारख्या पौराणिक नाटकाबरोबर तिने ‘डंबाचारी विलासम्’ हे सामाजिक नाटकही केले. वेश्यांच्या नादी लागून धुळीस मिळालेल्या एका धनिकाची ती कथा. ज्यांच्या जातीला समाज असा दोष देत होता, त्यांनीच ती रंगवून दाखवावी, यात धैर्य होते आणि थोडा उपरोधही होता. तिची नाटके पाहण्यासाठी आसपासच्या गावांहून इतके लोक लोटत, की रात्रीच्या आगगाडीला ‘बालामणी स्पेशल’ असे नाव पडले, असे जुने लोक सांगत.

हाच काळ पॅरिसमध्ये सारा बर्नार्टचा होता. १८८० साली तिने ‘कोमेदी फ्रांसेज’ ही सरकारमान्य संस्था सोडली, स्वतःची मंडळी उभारली आणि १८९९ साली स्वतःच्या नाट्यगृहात हॅम्लेटची पुरुषभूमिका केली. १९१५ साली पाय कापावा लागला, तरी तिने रंगभूमी सोडली नाही. १९२३ साली ती वारली, तेव्हा अंत्ययात्रेस सारे पॅरिस लोटले होते.

बालामणीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. विसाव्या शतकात शंकरदास स्वामींसारख्यांच्या बालनटांच्या मंडळ्या पुढे आल्या. १९३१ साली तमिळ बोलपट आला. तिचे वैभव ओसरले आणि १९३५च्या सुमारास मदुरेस ती विपन्नावस्थेत मरण पावली. 

नटाची कला त्याच्याबरोबरच जाते, असे म्हणतात. ते सर्वस्वी खरे नाही. समाज ज्याला मान देतो त्याची स्मृतीही राखतो. साराची राखली, बालगंधर्वांची राखली. बालामणीला प्रेक्षकांनी टाळ्या भरपूर दिल्या. मान मात्र दिला नाही. पुरुषाचा मुकुट तिने रंगभूमीवर सहज पेलला. रंगभूमीबाहेर स्त्री म्हणून जगण्याचा अधिकार मिळविणे त्याहून अवघड होते. देवदासींना देवास वाहण्याची चाल मद्रास प्रांतात कायद्याने बंद झाली ती १९४७ साली. तोवर बालामणी जाऊन एक तप उलटले होते.