वसईला जागा घेताय? आधी बावखल बघा!

मुंबईत जागा परवडत नाही म्हणून वसई-विरारकडे वळणारे संसार काही थोडेथोडके नाहीत. 1867 साली विरारहून मुंबईला दिवसाकाठी एकच गाडी सुटायची. 2009 मध्ये इथे महानगरपालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत वस्ती बारा लाखांवर गेली. तुमचीही एखादी नणंद नाहीतर मावसबहीण तिकडे राहायला गेलीच असेल!

तेव्हा मैत्रिणींनो, जागा बघायला जाल तेव्हा ओटा केवढा नि गॅलरी कुठल्या दिशेला, एवढंच पाहून परतू नका. पश्चिमेला सांडोरच्या बाजूला एक फेरी मारा. केळी, भाजी, फुलं पिकवणारा हा पट्टा. वसईची सुकेळी तुम्ही खाल्ली असतीलच. पण समुद्र इतका जवळ असताना विहिरींचं पाणी गोड कसं राहिलं? त्याचं बरंचसं श्रेय बावखलांना.

बावखल म्हणजे वाडीतलं लहानसं तळं. पावसाळ्यात ते भरतं, पाणी हळूहळू जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना मिळतं. जमिनीत गोडं पाणी भरपूर असलं की समुद्राचं खारं पाणी आत सरकत नाही. बावखल बुजलं, वर पंपाने उपसा सुरू झाला, की विहीर मचूळ झालीच म्हणून समजा. मचूळ पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, हे तुम्हाला का सांगायला हवं?

विहिरींचं पाणी टँकरने नव्या इमारतींकडे जाऊ लागलं, तेव्हा दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. तरी पुढे कितीतरी बावखलं भरावाखाली गेलीच.

दुसरं दुखणं पावसाळ्यातलं. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा पाण्यात गेलं, लोकल बंद पडल्या. सगळा दोष बावखलांच्या माथी मारता येणार नाही. पण पाण्याची थांबायची जागाच आपण घेतली, तर ते तळमजल्यावर येणार नाहीतर कुठे जाणार?

म्हणून बुकिंगचे पैसे देण्यापूर्वी शेजारच्या वाडीतल्या एखाद्या आजींना विचारा, की इमारतीच्या जागी पूर्वी काय होतं, 2018 ला पाणी कुठवर चढलं होतं. नळाला पाणी किती वेळ येतं, टँकरपायी महिन्याला किती जातात, हे मात्र तिथे राहणाऱ्या बाईलाच विचारा, एजंटाला नव्हे. आणि जमलं तर मे महिन्यात जा. विहिरीचा तळ तेव्हाच दिसतो.